माणदेशातील एक शेळ्यांचे घर

पुण्याहून माणदेशात जावयाचे झाल्यास सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद या मार्गाने प्रथम फलटणास यावे लागते. फलटणापर्यंतचा मुलूख पाहून कोणास दुष्काळाची आठवणही होऊ नये. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी येथील शेतांतून खेळते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस उसाचे फड दाटलेले असतात. निंबाळकरांची राजधानी, तेथील श्रीराम मंदिर, शिवछत्रपतींच्या राणी सईबाई यांचे माहेर, महानुभावांची क्षेत्रे, या सर्वांमुळे हे गाव वाचकांस नावाने तरी परिचित असेलच. परंतु फलटण सोडून दहिवडीच्या रस्त्यास लागले, की समोर महादेवाच्या डोंगराची रांग आडवी येते. मोगराळ्याचा घाट चढून माथ्यावर यावे, तो सारा देखावा पालटलेला असतो. हिरवा रंग जणू घाटाखालीच ठेवून आलो असे वाटते. पुढे उघडे माळ, मुरमाड टेकाडे, खुरट्या बोरी-बाभळी आणि मधूनच एखाद्या विहिरीच्या आश्रयाने जगलेली चार झाडे, एवढेच काय ते दृष्टीस पडते.

एकाच सातारा जिल्ह्यात निसर्गाने केवढा पंक्तिप्रपंच मांडला आहे! सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. माणात तोच पाचशेच्या आतबाहेर पडला तरी लोक देवाचे उपकार मानतात. नैर्ऋत्येकडून येणारे ढग डोंगराच्या पलीकडेच रिते होतात आणि येथवर पोचतो तो नुसता वारा. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) या पुस्तकांनी हा प्रदेश पांढरपेशा घरांतून वाचला गेला हे खरे. तथापि वाचलेला माळ आणि पायांखालचा माळ यांत अंतर असते. पायांखालच्या माळात काटे फार.

माझे तेथे जाणे घडले ते एका विद्यार्थिनीमुळे. ही मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेण्याकरिता पुण्यास आमच्या शेजारी दोन वर्षे राहत होती. तिला इंग्रजी शिकवावे म्हणून माझ्याकडे धाडले होते. शिकविता शिकविता तीच मला पुष्कळ गोष्टी सांगे. तिच्या शिक्षणाचा खर्च कसा चालतो, असे एकदा सहज विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, “बाई, पहिल्या वर्षाची फी चांदीच्या पोरांनी भरली. दुसऱ्या वर्षाची काळीच्या.” चांदी व काळी या दोन शेळ्या होत, हे मागाहून कळले. मार्गशीर्षात तिला चार दिवसांची सुटी मिळाली, तेव्हा “आता आमचं घर बघायलाच चला” असा तिने आग्रह धरला.

घर गावापासून मैलभर माळावर, वस्तीवर आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीला लागूनच शेळ्यांचा गोठा. माणसांच्या व जनावरांच्या निवाऱ्यात एका कुडाचेच काय ते अंतर. गोठ्याची जमीन मुरमाची, एका बाजूस उतार दिलेली, म्हणजे मूत साचू नये. गव्हाण जमिनीपासून हातभर उंच. कारण शेळी ही मोठी चोखंदळ. लोक म्हणतात, शेळी काय वाटेल ते खाते. ही कीर्ती सर्वस्वी खोटी आहे. पायांखाली तुडवला गेलेला किंवा मूत लागलेला पाला ती हुंगून सोडून देते; आणि पाण्याच्या घमेल्यात एक लेंडी पडली, तर तहानेली असूनही तोंड लावीत नाही. गाय-म्हैस मान खाली घालून चरते. शेळीला मात्र झाडाचा शेंडा हवा. मागच्या दोन पायांवर उभी राहून बाभळीच्या फांदीला पुढचे पाय टेकून ती काट्यांमधून नेमकी पाने कशी वेचते, हे पाहत राहावे.

या घरात लहानमोठी मिळून एकवीस जनावरे होती. त्यांतील अकरा दुभत्या किंवा गाभण शेळ्या, बाकी पाटी, बोकड व करडे. बहुतेक सर्व उस्मानाबादी जातीच्या. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. शेळीला मात्र अद्याप जुन्याच नावाने ओळखतात. रंगाने काळ्या, अंगाने उंच, कान लोंबते. या जातीचा मोठा गुण असा, की कोरडे हवामान सोसते आणि एका वेताला बहुधा दोन करडे देते. अधिक मांसाची शेळी हवी म्हणून दक्षिण आफ्रिकेतील बोअर जात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने इकडे आणली. ही संस्था १९६८ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांच्या पत्नी जाई निंबकर या इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या व स्वतः लेखिका, हे सांगितले म्हणजे आपल्या वाचकांस शेळ्यांचा हा विषय फारसा परका वाटणार नाही. आमच्या यजमानीणबाईंना त्या संकराविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “वजन चांगलं धरतंय, बाई. पण त्याला खायाला बी तेवढंच लागतं. आमच्या माळावर आमचीच बरी.”

या घराचा दिवस पहाटे साडेचारास सुरू होतो. कोणी कोणास उठवीत नाही, करडेच उठवितात. रात्री करडांना आयांपासून वेगळे, मोठ्या डालग्याखाली झाकून ठेवलेले असते. पहाटेस भूक लागली, की त्यांचा जो कल्लोळ चालतो त्यापुढे गजराच्या घड्याळाची मातब्बरी ती काय! प्रथम यजमानीणबाई धारेस बसतात. प्रत्येक शेळीचे एका सडाचे दूध घरासाठी काढावयाचे आणि दुसरे सड करडांस ठेवावयाचे, हा त्यांचा नेम. मग डालगी उचलतात. त्या क्षणी आठ-दहा करडे बाणासारखी सुटतात. सर्व शेळ्या काळ्या, सर्व करडे काळी. पण एकही करडू चुकत नाही, आणि चुकलेच तर शेळी शेपटाखाली हुंगून त्याला बाजूस सारते. दुसऱ्याच्या लेकराला दूध पाजण्याचे औदार्य शेळीच्या ठायी नाही.

तोवर मुलीचा धाकटा भाऊ गोठा झाडून लेंड्यांचे टोपले खड्ड्यात रिकामे करतो, पाण्याची घमेली घासतो आणि मगच आंघोळ करून शाळेस जातो. कडब्याची कुट्टी यंत्रावर कापण्याचे काम यजमानांचे. भरडलेला मका व सरकीची पेंड थोडीथोडी, तीही गाभण व दुभत्या शेळ्यांपुरतीच. बांधावर शेवरी, हादगा व सुबाभूळ लावलेली आहेत. त्यांचा पाला रोज नवा तोडावा लागतो. सुबाभूळ निव्वळ घालू नये, इतर चाऱ्यात मिसळून थोडाच घालावा, नाहीतर त्यातील विषारी अंशाने जनावराचे केस गळतात, ही माहिती मला त्या दहा वर्षांच्या मुलाने दिली.

नऊच्या सुमारास उन्हाने दव वाळले, की आजी काठी घेऊन शेळ्या माळावर नेते. दव असता नेत नाहीत. ओल्या गवताबरोबर जंत पोटात जातात असे त्यांचे सांगणे, आणि पशुवैद्यही तेच सांगतात. आजी सत्तरीच्या पुढे गेलेली. सून तिला ‘आत्याबाई’ म्हणते. एके दिवशी मीही आजीबरोबर गेले. आजीने मला माळावरील झुडपांची ओळख करून दिली ती शेळ्यांच्या दृष्टीने: ही गोड, ही कडू, ही खाल्ली की दूध वाढते, ही गाभण शेळीस वर्ज्य. वनस्पतिशास्त्राची अशी मांडणी कोणत्याही पुस्तकात मला आढळली नव्हती. दुपारी एका बाभळीखाली भाकरी सोडली. तांबड्या मिरचीचा ठेचा, कांदा व ज्वारीची भाकरी. शेळ्याही सावलीत बसून रवंथ करू लागल्या. आजी म्हणाली, “बसलेली शेळी तोंड हालवीत नसली, तर समजावं काहीतरी बिनसलंय.” गोठ्यात जाता-येता घरातील प्रत्येक जण नकळत हीच एक गोष्ट पाहत असतो, हे मला पुढे ध्यानात आले.

दूध एका शेळीपासून दिवसाकाठी जेमतेम लिटरभर मिळते, आणि त्यातला वाटा करडांचा. म्हणून दुधाचा व्यापार असा येथे नाही. घरचा चहा व आजीची वाटी भागली म्हणजे झाले. आपल्याकडे शेळीच्या दुधाची आठवण होते ती औषध म्हणून. आयुर्वेदाने ते पचण्यास हलके व क्षयरोग्यास हितकर मानले आहे. गांधीजींचे उदाहरण तर सर्वश्रुतच आहे. दूध घ्यावयाचे नाही असे त्यांचे व्रत होते. १९१९ च्या आरंभी मुंबईत आजारी असता, व्रत घेताना मनात गाय व म्हैस हीच होती, शेळी नव्हती, ही वाट त्यांना कस्तुरबांनी दाखविली. व्रताचे अक्षर पाळले, आत्मा गमावला, अशी रुखरुख त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद करून ठेवली आहे. मला मात्र यात कस्तुरबांचा व्यवहार अधिक भावतो. घरात माणूस आजारी असता बायकांना असाच विचार सुचतो.

तिसऱ्या रात्री काळी व्याली. शेळीचे गाभणपण पाच महिन्यांचे. आषाढात फळलेल्या शेळ्या मार्गशीर्षाच्या सुमारास वितात, हा हिशेब घरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने मांडलेला होता. संध्याकाळपासूनच काळी पायाने जमीन उकरीत होती. उठे, बसे, मागे वळून पाही. नऊच्या सुमारास पहिले करडू आले, धडधाकट. दुसरे अर्ध्या तासाने, आणि ते मागच्या पायांनी आले. यजमानीणबाईंनी हात धुऊन, तेल लावून, कळ येताच त्याला हळूच ओढून घेतले. करडू निपचित. नाका-तोंडातला चिकटा पुसला, मागचे पाय धरून क्षणभर उलटे झुलविले, कोरड्या गोणपाटाने छाती चोळली. आजीने गवताची काडी त्याच्या नाकपुडीत घातली. परिचारिका होऊ घातलेली मुलगी जवळ बसली होती, तिला आई म्हणाली, “बघत काय बसलीस? नाळेला आयोडीन लाव.” तेवढ्यात ते करडू शिंकले. मग सर्वांनाच बोलण्याचे भान आले.

परंतु शिंकले म्हणून संपले नाही. त्याला उभे राहवेना आणि सड तोंडात धरता येईना. व्याल्यानंतर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला नाही, तर करडाच्या अंगी रोगांशी झुंजण्याची शक्ती येत नाही. आईकडून ती गर्भात असता त्याला मिळत नसते, चिकातूनच मिळते. म्हणून चीक वाटीत पिळून बाटलीने थेंब थेंब पाजावा लागला. दर दोन तासांनी, रात्रभर. चुलीपुढे टोपलीत, जुन्या लुगड्याच्या चिंधीत ते करडू ठेवले होते आणि मायलेकी पाळीपाळीने उठत होत्या. घरातील कोणासही यात विशेष काही आहे असे वाटले नाही. सकाळी साडेचारास धार नेहमीप्रमाणेच निघाली. चौथ्या दिवशी ते आपल्या पायांवर लटपटत उभे राहिले, तेव्हा ती पाट आहे म्हणून घरात दुप्पट आनंद झाला. मुलगी झाल्याचा असा आनंद आपल्याही घरांतून दिसता तर!

याचे कारण उघड आहे. पाट राहते आणि कळप वाढविते. बोकड विकला जातो. विकला जातो तो कशासाठी, हे शाकाहारी वाचकांपुढे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. शेळीपालनाचे उत्पन्न मुख्यतः मांसाचे आहे. आपल्या घरात मांस शिजत नाही, म्हणून आपण या व्यवहाराच्या बाहेर आहोत असेही नव्हे; ज्या तबल्यावर आपली मुले ताल शिकतात त्याची पुडी शेळीच्याच कातड्याची असते. या घरात बोकडांना नावे ठेवीत नाहीत. चांदी, काळी, कान्ही, बिजली, ही सर्व नावे माद्यांची. मी धाकट्या मुलाला एका देखण्या बोकडाचे नाव विचारले, तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि “त्यो बोकड हाय” एवढेच बोलला.

माझ्या मुक्कामातच या घरात एक वाद चालला होता, आणि माझ्या मते शेळ्यांच्या या संसाराचे सर्व मर्म त्यात होते. यजमानांची अर्धा एकर डाळिंबाची बाग आहे. मोठ्या कष्टाने लावलेली. पाण्यावाचून ती वाळू लागली होती. जुन्या बोअरचे पाणी आटलेले. चार शेळ्या विकून नवे बोअर पाडावे असे त्यांचे म्हणणे. यजमानीणबाईंचे म्हणणे, बोकड न्या, शेळी मिळणार नाही. यजमान हे काही उधळे किंवा व्यसनी नव्हेत. अत्यंत कष्टाळू आणि मितभाषी गृहस्थ. ते मला म्हणाले, “बाई, झाड डोळ्यांदेखत मरतंय. माणसाचा जीव ऱ्हात नाही.” हेही खोटे नव्हते.

पण शेळ्या कोणाच्या? आठ वर्षांपूर्वी बाईंनी बचत गटाचे कर्ज काढून दोन शेळ्या घेतल्या, त्यांची ही एकवीस झाली. कर्ज फेडले त्यांनी. धार, पाला, बाळंतपण, जंताचे औषध, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, लेंड्यांचा खड्डा, सारे त्यांनी, सासूने आणि मुलांनी पाहिले. जमिनीच्या सात-बाऱ्यावर त्यांचे नाव नाही; घरावर नाही. शेळ्यांचा सात-बारा नसतो, म्हणूनच कदाचित त्या त्यांच्या राहिल्या. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. त्या कोणाच्या हातच्या चाऱ्यावर जगतात, याचा रकाना अशा तक्त्यात कोठून असणार? याच तालुक्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक निघाली, तिची हकीकत येथील बायका अभिमानाने सांगतात. बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. तेव्हा बायका स्वतः तेथे गेल्या आणि व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवू असे म्हणाल्या. आमच्या यजमानीणबाई चौथी शिकलेल्या. त्यांची हिशेबाची वही मी पाहिली. शेळीचे नाव, फळल्याची तिथी, व्याल्याची तिथी, किती पाटी, किती बोकड, विक्री. एकही घर रिकामे नव्हते.

त्या नवऱ्याला म्हणाल्या त्या शब्दांत राग नव्हता. “पाणी लागलं तर तुमचं नशीब, नाही लागलं तर पोरीचं नशीब गेलं. बोकडाचं पैसं संपलं तरी शेळी दारात हाय. शेळीचं पैसं संपलं म्हंजी मग काय हाय?” आजी तांदूळ निवडीत बसली होती. मुलगा आणि सून यांच्या भाषणात ती सहसा पडत नाही, त्या दिवशी मान वर न करता म्हणाली, “शिकणारी पोर हाय. आधी तिचं बघा.” यजमान काही न बोलता बागेकडे गेले.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. आठ महिन्यांचे दोन बोकड त्याला दाखविले. त्याने पाठीच्या कण्यावरून व बरगड्यांवरून बोटे फिरविली आणि दोहोंचे मिळून १४,००० सांगितले. पूर्वी बहुधा असाच अंदाजाने सौदा होई. बाईंनी पडवीतला लोंबता काटा काढला, बोकडांना गोणपाटाच्या झोळीत घालून एकेक टांगले. एक २४ किलो, दुसरा २१. दर ३८० चा ठरला, १७,१०० झाले. व्यापाऱ्याने थोडी कुरकुर केली, पण बाकी दिलखुलास माणूस. “वहिनी, तुमच्याकडं आलं की अंदाज चालत नाही,” असे म्हणून नोटा मोजल्या. बाई बोकडांच्या गळ्यातली दावी सोडून आत गेल्या आणि पीठ मळावयास बसल्या. गाडीपर्यंत त्यांना सोडावयास गेला तो मुलगा.

नोटांतून मुलीच्या पुढील सत्राची फी बाजूस काढली गेली. उरलेले यजमानांच्या हाती दिले. बोअरसाठी ते अपुरेच. परंतु टँकरच्या चार खेपा घालून बाग उन्हाळ्यापर्यंत तरी जगवावी असे ठरले. रात्री जेवताना यजमानांनीच विषय काढला, काळीच्या त्या अशक्त पाटीचे नाव काय ठेवावयाचे म्हणून. मुलाने ‘शिंकी’ हे नाव सुचविले आणि ते सर्वानुमते मंजूर झाले.

मी निघाले त्या सकाळी बाईंनी ओटी भरली आणि गाडीत एक भरलेले पोते चढविले. काय आहे, म्हणून विचारले तर म्हणाल्या, “लेंडीखत हाय. तुमच्या गुलाबाला घाला. आधी पाणी द्या, मग मुठीमुठीनं; एकदम टाकलं तर मुळं जळतील.” दहिवडीच्या स्थानकावर हमालाने ते पोते उचलताना हुंगून पाहिले आणि मजकडे जरा संशयानेच पाहिले. शिंकी आता गाभण आहे, असे मुलीने परवाच दूरध्वनीवर कळविले.